सुपरचार्जरयुक्त मोटार इंजिनातील प्लास्टिकच्या कूलंट नळ्या : बिघाडाची कारणमीमांसा आणि नळीबदलाची शास्त्रीय पद्धती

सारांश

आधुनिक मोटार इंजिनात शीतद्रव, म्हणजेच व्यवहारातील कूलंट, वाहून नेणाऱ्या अनेक नळ्या काचतंतुमिश्रित नायलॉनच्या बनविलेल्या असतात. सुपरचार्जर बसविलेल्या इंजिनात यांपैकी काही नळ्या सुपरचार्जरच्या खाली, इंजिनाच्या सर्वाधिक तापणाऱ्या आणि सर्वात कमी दिसणाऱ्या भागात असतात. कालांतराने त्या ठिसूळ होतात व सांध्यावर फुटतात. प्रस्तुत लेखात या बिघाडामागील भौतिक व रासायनिक कारणे, बिघाडाचे इंजिनावरील परिणाम, नळीबदलाचे पर्याय व कार्यपद्धती यांचे विवेचन केले आहे. केवळ प्लास्टिकच्या जागी धातू आणल्याने प्रश्न पूर्णतः सुटत नाही. नळी, सांधा आणि त्यातून वाहणारे पाणी यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सुपरचार्जर, कूलंट, नायलॉन ६६, जलविघटन, औष्णिक प्रसरण, क्षारयुक्त पाणी, दुरुस्तीचा अधिकार.

१. प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात वसलेले श्रीपूर हे साखर उद्योगासाठी ओळखले जाणारे गाव आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे या परिसरात कारखानदारी रुजली. त्यामुळे वाफ, दाब, उकळबिंदू, नळ्यांत साचणारा क्षार आणि हंगाम संपल्यावर होणारी देखभाल या गोष्टी येथील समाजाला पुस्तकी नाहीत. मोटारीच्या इंजिनातील शीतन व्यवस्था नेमक्या याच तत्त्वांवर चालते. या दृष्टीने पाहिल्यास एका महागड्या मोटारीतील एका स्वस्त नळीचा प्रश्न हा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र आणि ग्राहकहित या चारही विषयांना स्पर्श करणारा ठरतो.

या प्रश्नाचे ठळक उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये फोर्ड कंपनीकडून जॅग्वार व लँड रोव्हर हे दोन ब्रिटिश वाहनउद्योग विकत घेतले. त्यानंतर २०११ मध्ये लँड रोव्हरच्या फ्रीलँडर २ या वाहनाची जुळणी पुण्यात सुरू झाली. या समूहाच्या जॅग्वार एक्सएफ, एक्सजे, एफ-टाईप, रेंज रोव्हर व रेंज रोव्हर स्पोर्ट या वाहनांत पाच लिटर क्षमतेचे आठ सिलिंडरचे (२००९ पासून) आणि तीन लिटर क्षमतेचे सहा सिलिंडरचे (२०१२ पासून) सुपरचार्जरयुक्त पेट्रोल इंजिन वापरले गेले. ही इंजिने वेल्समधील ब्रिजेंड येथील फोर्डच्या कारखान्यात तयार होत. तो कारखाना सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला. या इंजिनांतील प्लास्टिकच्या कूलंट नळ्या वयपरत्वे फुटतात, हा अनुभव जगभरातील दुरुस्ती व्यावसायिकांच्या चांगलाच परिचयाचा आहे.

ही वाहने नवी असताना महानगरांतच फिरतात. आठ-दहा वर्षांनी ती मूळ किमतीच्या अल्पांशात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आणि पर्यायाने जिल्हा व तालुका पातळीवर येतात. नेमका हाच काळ नळ्यांच्या आयुष्याच्या अखेरीचा असतो. म्हणूनच या विषयाचे आकलन केवळ मोठ्या शहरांतील अधिकृत कार्यशाळांपुरते मर्यादित राहणे योग्य नाही.

२. लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) सुपरचार्जरमुळे शीतन व्यवस्थेवर पडणारा भार स्पष्ट करणे.
(२) नायलॉनच्या नळ्या निकामी होण्याची कारणे शोधणे.
(३) नळीबदलाच्या पर्यायांचे तौलनिक मूल्यमापन करणे.
(४) सोलापूर जिल्ह्यासारख्या उष्ण व क्षारयुक्त पाण्याच्या प्रदेशात घ्यावयाची दक्षता सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यातील गणिते ढोबळ अंदाजासाठी आहेत.

३. सुपरचार्जर : तत्त्व आणि उष्णता

इंजिनात जितकी अधिक हवा शिरेल तितके अधिक इंधन जाळता येते व तितकी अधिक शक्ती मिळते. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलणारा पंप म्हणजे सुपरचार्जर होय. टर्बोचार्जर धुराड्यातील वायूंच्या वेगावर फिरतो, तर सुपरचार्जर थेट इंजिनाच्या फिरत्या दांड्याकडून शक्ती घेतो. त्यामुळे त्याचा प्रतिसाद तात्काळ असतो.

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या कॉनर्सव्हिल या गावातील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये अशा प्रकारच्या पंपाचे पेटंट घेतले. गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ मध्ये इंजिनाला दाबयुक्त हवा देण्याच्या कल्पनेचे पेटंट मिळविले आणि १९२१ मध्ये मर्सिडीजने सुपरचार्जर असलेल्या मोटारी ग्राहकांसमोर आणल्या. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात पाण्यात हवा सोडणारा 'रूट्स ब्लोअर' हा याच कुळातील आहे. जॅग्वार-लँड रोव्हरच्या उपरोक्त इंजिनांत ईटन कंपनीचा सुपरचार्जर असून त्याच्या दोन्ही फिरत्या दांड्यांना प्रत्येकी चार पाकळ्या असतात व त्या १६० अंशांनी पिळलेल्या असतात.

हवा दाबली की ती तापते. उन्हाळ्यात सोलापुरात बाहेरील तापमान ४२ अंश सेल्सियस असताना हवा १.६ पट दाबली आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सुमारे ११२ अंश येते. ही हवा सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी थंड करण्यासाठी 'इंटरकूलर' असतो आणि या इंजिनांत तोही कूलंटवरच चालतो. म्हणजेच सुपरचार्जर एकीकडे इंजिनाची उष्णतानिर्मिती वाढवितो, दुसरीकडे स्वतः उष्णता निर्माण करतो आणि तिसरीकडे नळ्यांचे जाळे अधिक गुंतागुंतीचे करतो.

४. नळ्यांचे स्थान

या इंजिनांत सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणे मांडलेल्या असतात. दोन रांगांमधील खोलगट जागेत, ज्याला कारागीर 'व्हॅली' म्हणतात, सुपरचार्जर बसविलेला असतो. त्याच्या पुढील टोकाखालून दोन्ही बाजूंच्या सिलिंडर हेडना जोडणारी एक दुशाखी नळी जाते, तर मागील बाजूस, इंजिन व केबिनमधील पत्र्याच्या भिंतीजवळ, हीटरकडे कूलंट नेणारी दुसरी नळी असते. याखेरीज थर्मोस्टॅटचे घर, कूलंटच्या टाकीकडे हवा व वाफ परत नेणारी बारीक नळी व तिचा त्रिमुखी सांधा हे भागही प्लास्टिकचेच असतात.

या जागेचे दोन दोष आहेत. पहिला असा की, वाहन चालू असतानाही येथे वाऱ्याचा झोत पोहोचत नाही आणि इंजिन बंद केल्यावर कूलंटचे अभिसरण थांबताच धातूत साठलेली उष्णता याच खोबणीत कोंडून राहते. दुसरा दोष असा की, येथे झालेली गळती दिसत नाही. थेंब गरम धातूवर पडून वाळून जातो, जमिनीवर डाग पडत नाही आणि मालकास केवळ टाकीतील पातळी 'आपोआप' कमी होताना दिसते.

५. उत्पादकाने प्लास्टिक का निवडले ?

नळीसाठी प्लास्टिक वापरणे हा केवळ काटकसरीचा निर्णय होता, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. वॉलेस कॅरोथर्स यांच्या नेतृत्वाखाली ड्यू पॉन्ट कंपनीत १९३५ मध्ये नायलॉन ६६ प्रथम तयार झाले. त्याचा वितळबिंदू सुमारे २६० अंश सेल्सियस असून सुमारे ३० टक्के काचतंतू मिसळल्यास त्याची ताकद व ताठरपणा लक्षणीय वाढतो. साच्यात ओतून वळणदार, फाटे असलेली व संवेदक बसविण्याची जागा असलेली नळी एकाच वेळी तयार करता येते. ती वजनाला हलकी असते, गंजत नाही आणि आतून गुळगुळीत राहते. वाहनाचे वजन व इंधनवापर कमी करण्याचा दबाव असलेल्या अभियंत्यास हे गुण आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे.

असा निर्णय एकाच कंपनीने घेतला असेही नाही. जनरल मोटर्सच्या '३८००' मालिकेतील सहा सिलिंडरच्या इंजिनांत, ज्यांत सुपरचार्जरयुक्त प्रकारही होता, कूलंटच्या कोपरनळ्या प्लास्टिकच्या होत्या; त्या ठिसूळ होऊन तुटत असल्याने बाजारात ॲल्युमिनियमच्या कोपरनळ्या आल्या. फोर्डच्या ४.६ लिटर इंजिनात, जे सुपरचार्जरविरहित होते, प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमधील कूलंटचा मार्ग तडकत असे. त्यावरील सामूहिक दाव्यात २००५ मध्ये तडजोड झाली आणि सुधारित भागात तो मार्ग ॲल्युमिनियमचा करण्यात आला. यावरून हा प्रश्न एका पदार्थाच्या विशिष्ट ठिकाणच्या वापराचा आहे, हे लक्षात येते.

६. बिघाडाची कारणमीमांसा

नळी आतील दाबामुळे फुटते, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. शीतन व्यवस्थेतील दाब वातावरणापेक्षा सुमारे १.१ बार अधिक असतो. नळीचा व्यास ४० मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २.५ मिलिमीटर धरली, तर या दाबामुळे भिंतीत निर्माण होणारा ताण १ मेगापास्कलहूनही कमी येतो. नव्या, कोरड्या काचतंतुमिश्रित नायलॉनची ताकद सामान्य तापमानास १५० मेगापास्कलहून अधिक असते. याचा अर्थ, केवळ दाबाने नवी नळी फुटणे जवळपास अशक्य आहे. तिचा घात अन्य कारणांनी होतो. ती कारणे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

(अ) जलविघटन : नायलॉनची दीर्घ साखळी अमाइड बंधांनी जोडलेली असते. ही साखळी तयार होताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो. उष्ण पाण्याच्या सततच्या सान्निध्यात हीच अभिक्रिया उलट दिशेने घडते आणि साखळी तुटत जाते. साखळ्या आखूड झाल्या की पदार्थ चिवटपणा गमावून ठिसूळ होतो. कूलंट जुना होऊन आम्लधर्मी झाल्यास ही क्रिया अधिक वेगवान होते. रासायनिक अभिक्रियांच्या ढोबळ नियमानुसार तापमान १० अंशांनी वाढल्यास अभिक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांऐवजी ११० अंशांवर राहणारी नळी अंदाजे चौपट वेगाने म्हातारी होते. सुपरचार्जरखालील कोंडलेल्या उष्णतेचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

(आ) बाहेरील बाजूचे ऑक्सिडीकरण : नळीच्या आत कूलंट असले तरी बाहेर गरम हवा असते. या हवेतील ऑक्सिजनमुळे बाह्य पृष्ठभाग काळपट, कडक व सूक्ष्म भेगांचा होतो. म्हणजे नळीचे वृद्धत्व दोन्ही बाजूंनी आत सरकत असते.

(इ) सांध्याचा दुबळेपणा : गुंतागुंतीच्या आकाराची नळी बहुधा दोन अर्ध्या भागांत ओतून नंतर एकमेकांवर घासून, म्हणजे कंपनाच्या उष्णतेने, जोडली जाते. काचतंतू या जोडाच्या रेषेस समांतर पडतात. एका अर्ध्या भागातून दुसऱ्यात ते जात नाहीत. त्यामुळे काचतंतूंनी आलेली ताकद सांध्यास मिळत नाही आणि सांधा फार तर साध्या नायलॉनइतकाच बळकट असतो. फुटलेल्या नळ्यांची चीर बहुतांश वेळा याच शिवणीवर आढळते, यामागचे कारण हेच होय.

(ई) असमान प्रसरण : ॲल्युमिनियमचा औष्णिक प्रसरणांक प्रति अंश सुमारे २३ दशलक्षांश असतो. काचतंतुमिश्रित नायलॉन तंतूंच्या दिशेने साधारण तेवढेच, मात्र आडव्या दिशेने त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रसरण पावते. दोन ॲल्युमिनियम हेडमध्ये पक्की अडकविलेली नळी प्रत्येक थंड-गरम फेऱ्यात ताणली व दाबली जाते. दहा वर्षांत असे हजारो फेरे होतात. इंजिनाचे कंपन त्यात भर घालते.

ही चारही कारणे एकमेकांना पूरक ठरतात. जलविघटन व ऑक्सिडीकरण पदार्थाला ठिसूळ करतात, सांधा भेगेला जागा देतो आणि प्रसरणाचे फेरे ती भेग वाढवितात. अखेरचा धक्का मात्र एखाद्या घाटात किंवा लांबच्या महामार्गावरील प्रवासात बसतो.

७. गळतीनंतर काय होते ?

श्रीपूरसारख्या ठिकाणच्या वाचकास याचे स्पष्टीकरण साखरेच्या पॅनच्या दाखल्याने देता येईल. पॅनमध्ये निर्वात अवस्था निर्माण करून पाक सुमारे ६० ते ७० अंशांवर उकळविला जातो, कारण दाब कमी झाला की उकळबिंदू खाली येतो. इंजिनात याच्या उलट केले जाते. पाणी व ग्लायकॉल यांचे समप्रमाणातील मिश्रण साध्या दाबास सुमारे १०७ अंशांवर उकळते, तर १.१ बार अधिक दाबास सुमारे १२९ अंशांपर्यंत द्रव राहते. नळीला चीर पडताच हा दाब नाहीसा होतो. तेवढ्याच तापमानाचा कूलंट क्षणार्धात उकळू लागतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती वाफेचे कप्पे तयार होतात आणि वाफ धातूची उष्णता द्रवाइतकी वाहून नेऊ शकत नाही.

वेळ किती मिळतो, याचाही अंदाज करता येतो. चढावर इंजिनाकडून कूलंटला ६० किलोवॅट उष्णता मिळत आहे, व्यवस्थेत १० लिटर कूलंट आहे आणि तापणाऱ्या ॲल्युमिनियमचे वजन १०० किलोग्रॅम आहे, असे मानले तर दोहोंची एकत्रित उष्णताधारकता प्रति अंश सुमारे १२६ किलोज्यूल येते. उष्णता बाहेर टाकण्याचे काम पूर्ण थांबले तर तापमान दोन सेकंदांत जवळपास १ अंशाने वाढेल आणि ९५ वरून १२९ अंशांपर्यंत पोहोचण्यास साधारण सव्वा मिनिट लागेल. कूलंटच वाहून गेले तर हा अवधी आणखी कमी होतो.

या सव्वा मिनिटात चालकाला सूचना मिळेलच, अशी खात्री नसते. तापमानाचा संवेदक द्रवात बुडालेला असेल तरच खरे तापमान दाखवितो. तो वाफेत किंवा हवेत उघडा पडल्यास दर्शकाचा काटा फसवा ठरतो. शिवाय अनेक मोटारींत काटा तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात मध्यावरच स्थिर राहील, अशी रचना केलेली असते. परिणामी सिलिंडर हेड वाकणे, हेड गॅस्केट जळणे, व्हॉल्व्हच्या बैठका सैल होणे असे नुकसान होते. काही हजारांच्या नळीपायी संपूर्ण इंजिन गमावण्याची वेळ येते, ती अशी.

८. नळीबदलाचे पर्याय

नळी बदलताना तीन पर्याय उपलब्ध असतात.

पहिला पर्याय मूळ उत्पादकाची नवी प्लास्टिक नळी हा होय. तिची मापे अचूक असतात, बसविणे सोपे असते. पण पदार्थ व जागा तीच असल्याने वार्धक्याची प्रक्रिया पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होते.

दुसरा पर्याय स्वतंत्र उत्पादकांच्या स्वस्त प्लास्टिक नळ्यांचा. त्यातील नायलॉनचा दर्जा, काचतंतूंचे प्रमाण व जोडाची गुणवत्ता बाहेरून ओळखता येत नाही. सुपरचार्जर उतरविण्याची मजुरी नळीच्या किमतीच्या कितीतरी पट असल्याने येथे केलेली बचत बहुधा महाग पडते.

तिसरा पर्याय ॲल्युमिनियमच्या नळीचा. ती जलविघटनाने ठिसूळ होत नाही आणि तिचा प्रसरणांक इंजिनाच्या धातूशी जुळतो. तरीही तिची परीक्षा तीन ठिकाणी घ्यावी लागते : जोड वितळवून केलेला असल्यास त्यात छिद्रे नसणे, ओ-रिंगच्या खोबणीची खोली व गुळगुळीतपणा अचूक असणे आणि बैठकीचा पृष्ठभाग सपाट असणे. या तिन्हींत उणीव असल्यास धातूची नळीही गळते.

मात्र एक मूलभूत फरक राहतो. प्लास्टिकची नळी शेवटपर्यंत शाबूत दिसते आणि एकदम फुटते. चांगल्या धातूच्या नळीत आधी ओ-रिंग थकते, गळती थेंबाथेंबाने सुरू होते आणि पातळी हळूहळू घटते. भाग कधी निकामी होतो यापेक्षा तो कसा निकामी होतो, हा निकष येथे अधिक महत्त्वाचा आहे. पूर्वसूचना देणारा बिघाड इंजिन वाचवितो. पॉलिफेनिलीन सल्फाइडसारखे जलविघटनास दाद न देणारे प्लास्टिकही आज उपलब्ध आहे, हे येथे नमूद करणे उचित होईल. त्यामुळे 'प्लास्टिक वाईट, धातू चांगला' असे सरधोपट समीकरण टिकत नाही.

९. नळीबदलाची कार्यपद्धती

प्रत्यक्ष काम कुशल कारागिरानेच करावयाचे असले, तरी त्याचा क्रम समजून घेणे मालकाच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे.

(१) इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच टाकीचे झाकण उघडावे. गरम व्यवस्थेचे झाकण उघडल्यास दाब जाऊन उकळते कूलंट अंगावर उसळते.

(२) बॅटरी सोडवावी व कूलंट स्वच्छ भांड्यात काढावा. एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. ते गटारात किंवा उघड्यावर सोडल्यास मुले व जनावरे यांना धोका संभवतो.

(३) ही इंजिने थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी असल्याने इंधन नळ्यांतील उच्च दाब उतरविल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

(४) मागील नळीपर्यंत पोहोचण्यासाठी सुपरचार्जर उचलावा लागतो. तो निघताच हवेची उघडी पडलेली द्वारे तत्काळ झाकावीत; आत पडलेला एक लहान बोल्टही इंजिन निकामी करू शकतो.

(५) ठिसूळ नळी काढताना तिचे टोक ॲल्युमिनियमच्या छिद्रात तुटून राहते. हे तुकडे आत ढकलू नयेत. ते हीटरच्या बारीक मार्गात अडकतात. छिद्राच्या भिंतीवर ओरखडे न पाडता ते बाहेर काढावेत व बैठक स्वच्छ करावी.

(६) ओ-रिंग नव्याच वापराव्यात. कूलंटसाठीच्या ओ-रिंग बहुधा ईपीडीएम रबराच्या असतात आणि हे रबर खनिज तेलाने किंवा साध्या ग्रीसने फुगते. त्यामुळे बसविताना कूलंट अथवा सिलिकॉन ग्रीसचाच वापर करावा.

(७) ॲल्युमिनियममधील लहान बोल्ट अंदाजाने आवळू नयेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारणतः १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा व टॉर्क पान्याने पाळावा.

(८) सर्व भाग जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर, अशी दोनदा हातपंपाने दाबचाचणी घ्यावी. झाकणावर नोंदलेल्या दाबाइतका दाब देऊन १५ ते २० मिनिटांत काटा खाली येतो का, हे पाहावे.

(९) कूलंट भरताना अडकलेली हवा काढणे हा सर्वात दुर्लक्षित टप्पा होय. शक्यतो निर्वात पद्धतीने कूलंट भरावा. ते साधन नसल्यास हवा सोडण्याचे स्क्रू उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पातळी स्थिर होईपर्यंत इंजिन चालवावे.

या कामाबरोबरच वॉटर पंप, थर्मोस्टॅट, बारीक परतीची नळी व तिचा त्रिमुखी सांधा बदलणे शहाणपणाचे असते. साखर कारखान्यात गळीत हंगामात गाळप थांबविणे परवडत नाही. म्हणून हंगाम संपल्यावर उघडलेल्या यंत्रातील शंकास्पद भाग तो चालू असला तरी बदलला जातो. सुपरचार्जर ज्या दिवशी कोणत्याही कारणाने उतरविला जातो, तो दिवस या इंजिनाच्या दृष्टीने असाच बिगरहंगाम समजावा.

१०. पाण्याचा प्रश्न आणि सोलापूर जिल्हा

नळी बदलून झाली तरी तिच्यातून काय वाहणार, हा प्रश्न उरतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांनी युक्त असते. रेडिएटरमध्ये 'पाणी कमी झाले' म्हणून असे पाणी ओतण्याची सवय ट्रॅक्टर, जीप व मालमोटारींच्या काळापासून रुळलेली आहे. जुन्या लोखंडी इंजिनांनी ती काही अंशी सहन केली. ॲल्युमिनियमचे इंजिन ती सहन करीत नाही.

जड पाण्यातील क्षार सर्वाधिक गरम पृष्ठभागावर प्रथम साचतो. बाष्पित्राच्या (इव्हॅपोरेटरच्या) नळ्यांत साचलेला क्षार काढण्यासाठी कारखाना ठरावीक काळाने साफसफाई करतो, कारण क्षाराची उष्णतावाहकता धातूच्या तुलनेत अत्यल्प असते. सिलिंडर हेडच्या आत असा थर बसल्यास तो काढण्याची सोय नसते. याशिवाय पाण्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला खोल खळगे पाडणारे क्षरण घडविते. म्हणजे प्लास्टिक काढून ॲल्युमिनियमची नळी बसविली आणि त्यात बोअरचे पाणी भरले, तर रोगाचे केवळ नाव बदलते.

म्हणूनच कूलंट तयार मिश्रणाच्या स्वरूपात घ्यावा किंवा संहत कूलंटमध्ये क्षारविरहित पाणीच मिसळावे. महाराष्ट्राच्या मैदानी भागात गोठण्याची भीती नाही, तेव्हा ग्लायकॉल कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, ग्लायकॉल उकळबिंदू वाढविते आणि त्यासोबतची गंजरोधक द्रव्ये धातूचे रक्षण करतात. उपरोक्त इंजिनांसाठी सेंद्रिय आम्लांवर आधारित कूलंट विहित आहे. त्यात निराळ्या प्रकारचा कूलंट मिसळल्यास गंजरोधक द्रव्यांचा समतोल बिघडतो. कूलंटची निवड रंगावरून करू नये. रंग हे प्रमाण नव्हे, पुस्तिकेतील विनिर्देश हेच प्रमाण होय.

११. ग्राहकहिताचे अंग

या प्रश्नाचा आणखी एक पैलू दुर्लक्षून चालणार नाही. सहज दिसणारा टायर मालक वेळेवर बदलतो, कारण त्याची झीज दिसते व त्याचे आयुष्य मर्यादित असल्याचे सर्वमान्य आहे. सुपरचार्जरखालील नळीचे आयुष्यही मर्यादितच असते, पण सेवावेळापत्रकात तिचा बदलण्याजोगा भाग म्हणून उल्लेख नसेल तर मालकाला ती आजीवन असल्याचा भास होतो. वाहनाच्या हमीचा कालावधी संपल्यानंतर येणारा हा खर्च प्रामुख्याने दुसऱ्या वा तिसऱ्या मालकावर पडतो.

केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराबाबत समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटार वाहने व कृषी अवजारे या क्षेत्रांचा समावेश आहे. दुरुस्तीच्या पुस्तिका, पीळाचे आकडे, सुट्या भागांची माहिती आणि कूलंटचे विनिर्देश तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोहोचले, तरच या अधिकाराला व्यवहारात अर्थ प्राप्त होईल. माहितीअभावी अंदाजाने आवळलेला बोल्ट आणि अंदाजाने ओतलेले पाणी हे फुटक्या नळीइतकेच इंजिनाचे शत्रू आहेत.

१२. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) प्लास्टिकच्या कूलंट नळ्या दाबामुळे फुटत नाहीत. जलविघटन, ऑक्सिडीकरण, दुबळा सांधा व असमान प्रसरण यांच्या एकत्रित परिणामाने त्या फुटतात.

(२) सुपरचार्जरखालील कोंडलेली उष्णता हे वार्धक्य वेगवान करते आणि तीच जागा गळती लपविते.

(३) नळी अचानक फुटल्यास इंजिन वाचविण्यास मिळणारा अवधी मिनिटा-दीड मिनिटापेक्षा फारसा अधिक नसतो. म्हणून टाकीतील पातळी पुन्हापुन्हा कमी होणे, गोडसर वास येणे किंवा सांध्याजवळ वाळलेल्या कूलंटची पापुद्र्यासारखी खूण दिसणे या लक्षणांची दखल तत्काळ घ्यावी.

(४) उत्तम दर्जाची ॲल्युमिनियमची नळी हा दीर्घकाळ टिकणारा पर्याय आहे. तिचा मुख्य लाभ बिघाड पूर्वसूचना देऊन येतो, हा होय.

(५) क्षारविरहित पाणी व विहित कूलंट यांविना केलेला नळीबदल अपूर्ण ठरतो.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाची उपयुक्तता मोठी आहे. उकळबिंदू व दाब यांचा संबंध, बहुवारिकांचे विघटन, औष्णिक प्रसरण, पाण्याचा जडपणा आणि ग्राहकाचा अधिकार हे पाच निरनिराळ्या विषयांचे पाठ एका वीतभर नळीत एकत्र येतात. ज्या परिसरातील विद्यार्थ्यांच्या घरी ट्रॅक्टर, विहिरीवरील इंजिन किंवा कारखान्यातील नोकरी आहे, तेथे रेडिएटरमध्ये कोणते पाणी ओतावे, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या वर्गात विचारला जाणे इष्ट ठरेल.